तीन मिलिसेकंदांत आठ फोटॉन : अवरक्त इंटरफेरोमीटरची संवेदनशीलता कुठे टिकते, कुठे गळते

ऑप्टिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे : ८ मीटरच्या एकट्या दुर्बिणीला अवरक्तात विसाव्या प्रतीचा ताराही तासाभरात टिपता येतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). मग तशाच चार दुर्बिणी जोडून त्यांचा प्रकाश एकत्र आणणारा इंटरफेरोमीटर दहाव्या-अकराव्या प्रतीपाशीच का अडखळतो? आणि उपकरण जास्त संवेदनशील करायचे तर डिझाइनला हात कुठे घालायचा : मोठे आरसे, चांगला डिटेक्टर की आणखी काही?

बीम कम्बाइनर, म्हणजे दुर्बिणींकडून आलेला प्रकाश एकत्र करणारे उपकरण, बांधणे आणि ते दुर्बिणींना जोडून चालते करणे हेच माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकटी दुर्बीण शटर उघडून तासभर बसू शकते. इंटरफेरोमीटरला ते जमत नाही. दोन दुर्बिणींवरची हवा वेगवेगळी खवळलेली असते, त्यामुळे दोन्हींकडून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेतला फरक सतत बदलतो आणि डिटेक्टरवरची फ्रिंज, म्हणजे व्यतिकरणाचे पट्टे, एकसारखे सरकत राहतात. शटर उघडे ठेवले तर उजेड साठतो, पण पट्टे पुसले जातात. म्हणून त्या तासाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या बळावर फ्रिंज दाखवावी लागते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एवढेच आहे. बाकी सगळे डिझाइन म्हणजे त्या तुकड्यात काय काय वाचवता येते याचा हिशेब.

अवरक्त का, हेही इथेच कळते. हवेतली लहर जेवढ्या व्यासापर्यंत बऱ्यापैकी सपाट राहते त्याला आम्ही आर-झिरो म्हणतो. दृश्य प्रकाशात, म्हणजे ०.५ मायक्रॉनला, तो साधारण १० सेंटिमीटर असेल तर २.२ मायक्रॉनला सुमारे ६० सेंटिमीटर होतो, कारण तो तरंगलांबीच्या ६/५ घाताने वाढतो. फेज, म्हणजे लहरीची चढउतारातली स्थिती, टिकून राहण्याचा काळही त्याच घाताने वाढतो : वारा सेकंदाला १० मीटर धरला तर दृश्य प्रकाशात ३ मिलिसेकंद, के-बँडमध्ये, म्हणजे २.२ मायक्रॉनला, १९ च्या आसपास. क्षेत्रफळ आणि वेळ यांचा गुणाकार केला की एका सुसंगत तुकड्याचे आकारमान दोनशे पटींनी वाढलेले दिसते. मायकेलसन आणि पीज यांनी १३ डिसेंबर १९२० रोजी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी तुळई बसवून काक्षी (बेटेलज्यूस) ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला, ०.०४७ कोनीय सेकंद. तेव्हा तुळईवरचे आरसे फक्त ६ इंची होते. त्याहून मोठे घेऊन दृश्य प्रकाशात फायदा नव्हता, आर-झिरो तेवढाच. शिवाय त्यांचा डिटेक्टर होता माणसाचा डोळा, आणि डोलणारे पट्टे धरून ठेवण्यात डोळा खरोखर उत्तम आहे. काक्षी झगझगीत होती, म्हणून डोळ्याला पुरली.

आता फोटॉन मोजू. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर एकदा स्वतः करावा असे मला मनापासून वाटते.

के-बँडमध्ये शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून दर चौरस मीटरला, दर मायक्रॉन रुंदीला, सेकंदाला साधारण ४.५ अब्ज फोटॉन येतात. दहावी प्रत म्हणजे दहा हजार पटींनी मंद, म्हणजे साडेचार लाख. १.८ मीटरच्या दुर्बिणीचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, बँडची रुंदी ०.३५ मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला चार लाख फोटॉन. ऐकायला भरपूर वाटतात. आता वाटेतली गळती पाहा. दुर्बिणीपासून कम्बाइनरपर्यंत २५ आरसे सहज होतात. प्रत्येक आरसा ९७ टक्के परावर्तन देत असला तरी पंचवीस आरशांनंतर ४७ टक्केच उरतात. फायबरमध्ये प्रकाश शिरण्याचे प्रमाण ३० टक्के, कम्बाइनर चिपमधून निम्म्याहून थोडा जास्त, फिल्टर आणि स्पेक्ट्रोग्राफमधून निम्मा, डिटेक्टर सत्तर टक्के पकडतो. गुणाकार अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. धूळ, जुने झालेले कोटिंग आणि थोडीशी हललेली जुळणी धरली की १ टक्का. म्हणजे सेकंदाला ४,००० फोटॉन.

त्यातले ३ मिलिसेकंदांत येतात १२. (१९ मिलिसेकंदांत फेज साधारण एक रेडियन भरकटते, म्हणून फ्रिंज शाबूत हवी तर बरेच आत थांबावे लागते.) चार दुर्बिणींच्या जोड्या जुळवायच्या तर प्रत्येक दुर्बिणीचा प्रकाश तीन वाटांनी जातो : प्रत्येक वाटेला ४. जोडीत दोन दुर्बिणी, म्हणून एका बेसलाइनला, म्हणजे एका जोडीला, ८ फोटॉन. फेज काढण्यासाठी ते चार वाचनांत विभागायचे, प्रत्येकी ९० अंशांनी सरकवलेली, म्हणजे एका पिक्सेलवर दोन. आणि आपण मधल्या फ्रिंजवर आहोत की शेजारच्या हे ओळखायला वर्णपट हवा. त्याचे पाच चॅनेल केले तर एका पिक्सेलवर अर्ध्या फोटॉनहूनही कमी!

म्हणून मी डिझाइन पिक्सेलपासून सुरू करतो आणि उलट आकाशाकडे जातो. वरच्या हिशेबात वर्णपट बाजूला ठेवून एका बेसलाइनचे ८ फोटॉन चार पिक्सेलवर धरा. वाचताना प्रत्येक पिक्सेलला १० इलेक्ट्रॉनचा रीड नॉइज असेल, आणि वेगाने वाचल्या जाणाऱ्या जुन्या अवरक्त डिटेक्टरांचा तो असाच असायचा, तर फ्रिंजचे सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर ०.३ च्या खाली जाते. रीड नॉइज १ इलेक्ट्रॉनवर आणला की तेच १.६ होते. जुन्या डिटेक्टरने हाच आकडा गाठायचा तर तारा सहा पट तेजस्वी हवा, म्हणजे जवळजवळ दोन प्रती. आरसा, चिप, फायबर यांतल्या कशालाही हात न लावता दोन प्रती मिळतात. म्हणून पारा-कॅडमियम-टेल्युराइडचे अॅव्हलांश डिटेक्टर आले तेव्हा या क्षेत्रातले सगळेच हरखून गेले. त्यात इलेक्ट्रॉन वाचण्याआधीच पिक्सेलच्या आत गुणला जातो, त्यामुळे वाचनाचा नॉइज त्याच्यापुढे फिका पडतो. सफायरा नावाचा ३२० बाय २५६ पिक्सेलचा असा डिटेक्टर चिलीतल्या पॅरानल वेधशाळेच्या ग्रॅव्हिटी उपकरणात, फ्रिंज धरून ठेवणाऱ्या फ्रिंज ट्रॅकरमध्ये आहे आणि माउंट विल्सनवरच्या चारा इंटरफेरोमीटरच्या मर्क-एक्समध्येही.

डिटेक्टर चांगला मिळाला की पुढचा मुद्दा कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पट्ट्यांतला उजेड आणि अंधार किती ठळक वेगळे दिसतात त्याचा, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचे आहे. मंद ताऱ्यासाठी फ्रिंजचे बळ फोटॉनची संख्या गुणिले कॉन्ट्रास्टचा वर्ग असे चालते. कॉन्ट्रास्ट १० टक्के घसरला की १९ टक्के प्रकाश फेकून दिल्यासारखे होते. त्यातही एका फ्रेममधला सिग्नल नॉइजच्या खाली गेला की शिक्षा फार कडक आहे : तो आणखी निम्मा झाला तर तीच अचूकता मिळवायला सोळा पट फ्रेम लागतात. आरशाच्या कोटिंगमधून दोन टक्के वाढवायला लोक महिनोन्महिने झटतात आणि कॉन्ट्रास्टचे तीस टक्के कुठे गेले हे विचारतही नाहीत. मिळालेला पण फेज हरवलेला फोटॉन नुसता वाया जात नाही, तो नॉइजमध्ये भर घालतो. म्हणून ट्रान्समिशनचे बजेट असते तसेच कॉन्ट्रास्टचे वेगळे बजेट पहिल्या दिवसापासून ठेवा.

कॉन्ट्रास्ट खाणाऱ्यांत पहिले कंपन. वाटेतला फरक एका फ्रेममध्ये १०० नॅनोमीटरने थरथरला तर के-बँडमध्ये कॉन्ट्रास्टचा वर्ग ८ टक्के घटतो. ३०० नॅनोमीटरने थरथरला तर निम्म्याखाली येतो, आणि एच-बँडमध्ये, १.६५ मायक्रॉनला, जेमतेम २७ टक्के उरतो. तिप्पट कंपन, पण नुकसान कितीतरी पट. हे लक्षात ठेवा की आरसा जेवढा हलतो त्याच्या दुप्पट प्रकाशाची वाट बदलते. मोठ्या दुर्बिणींत पंपांचे, पंख्यांचे आणि थंड उपकरणांच्या क्रायोकूलरचे कंपन थेट आरशांपर्यंत पोहोचते. पॅरानलला आरशांवर अॅक्सेलरोमीटर बसवून त्यांच्या वाचनावरून डिले लाइनला (गाडीवरचे आरसे सरकवून वाटेची लांबी जुळवणाऱ्या रचनेला) दुरुस्ती दिली जाते, ही मला फार शहाणपणाची रचना वाटते. डिले लाइनचे स्वतःचे कामही सोपे नाही : पृथ्वी फिरते म्हणून १०० मीटरच्या बेसलाइनवर वाटेतला फरक सेकंदाला ७ मिलिमीटरपर्यंत बदलतो, आणि त्या वेगाने धावणाऱ्या गाडीने काही दशक नॅनोमीटरपलीकडे अडखळायचे नाही.

दुसरे, लहरीचा आकार. इथे मोठ्या आरशाचा प्रश्न येतो. सिंगल-मोड फायबर एकच मोड, म्हणजे लहरीचा एकच ठरावीक आकार, आत घेते. लहर जितकी चुरगळलेली, तितका प्रकाश बाहेरच राहतो. फायबरचा मोठा गुण असा की आत शिरलेला प्रकाश स्वच्छ असतो : लहरीची विकृती प्रकाशाच्या चढउतारात बदलते, आणि तो चढउतार प्रत्येक बीमची तीव्रता वेगळी मोजून वजा करता येतो. अचूक कॉन्ट्रास्ट मोजण्यासाठी हे वरदान आहे. पण किंमत पाहा. आर-झिरो ६० सेंटिमीटर असताना ८ मीटरच्या दुर्बिणीची प्रतिमा सुमारे १८० ठिपक्यांत फुटते आणि फायबर त्यातला एखादाच उचलते. व्यास दुप्पट केला तर गोळा होणारा प्रकाश चौपट, ठिपकेही चौपट, आणि फायबरच्या वाट्याला तेवढेच. अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेने चुरगळलेली लहर आकार बदलणाऱ्या आरशाने सरळ करणे) नसेल तर फायबरसाठी ८ मीटर आणि १ मीटर यांत जवळजवळ फरक नाही. म्हणून मोठ्या आरशाचा खर्च करण्याआधी त्या आरशाची लहर सरळ करण्याचा खर्च करा. लहर अगदी निर्दोष असली तरी गोल दुर्बिणीतून फायबरमध्ये सुमारे ८० टक्केच शिरतात, ही निसर्गाचीच मर्यादा आहे.

तिसरे ध्रुवण (पोलरायझेशन). इथे एक अनुभव सांगतो, कारण यात मी स्वतः दोन आठवडे घालवले आहेत. प्रयोगशाळेत चार बीमच्या चिपवर पांढऱ्या दिव्याने फ्रिंज घेत होतो. ज्या तीन जोड्यांत तिसरा बीम नव्हता त्यांचा कॉन्ट्रास्ट ०.९. तिसरा बीम आला की ०.६. बीमची जुळणी पुन्हा पुन्हा केली, तीव्रता समान केल्या, चिपच्या टोकांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, काही फरक नाही. शेवटी एका सहकाऱ्याने दिव्यासमोर ध्रुवक धरला. त्याच क्षणी कॉन्ट्रास्ट परत ०.९! ध्रुवक ९० अंशांत फिरवला, तरी ०.९, पण फ्रिंज जागेवरून सरकलेली. आडव्या ध्रुवणाचे आणि उभ्या ध्रुवणाचे पट्टे एकमेकांपासून सुमारे ९५ अंशांनी सरकलेले होते आणि डिटेक्टरवर दोन्ही एकमेकांना पुसत होते. कारण सापडले ते असे : तिसरे फायबर घासताना इतरांपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लांब राहिले होते. लांबीचा फरक डिले स्टेजने निमूट भरून काढला होता, म्हणून कुणाला कळले नाही. पण ध्रुवण राखणाऱ्या फायबरमध्ये दोन ध्रुवणांचा वेग वेगळा असतो आणि त्यांच्यातली फेज दर काही मिलिमीटरला पूर्ण एक फेरी मारते. तो फरक डिले स्टेज भरून काढू शकत नाही. उपाय म्हणून प्रत्येक बीममध्ये लिथियम नायोबेटची पातळ पट्टी ठेवली आणि ती काही अंशांनी तिरपी करून दोन्ही ध्रुवणांचे पट्टे एकावर एक आणले. पॅरानलवरच्या पायोनियरसारख्या उपकरणांतही हीच युक्ती वापरली आहे. तो फरक १८० अंश असता तर फ्रिंज दिसलीच नसती आणि आम्ही डिले शोधत बसलो असतो.

यातून एक नियम मी कायमचा घेतला : सगळ्या बीमना आरशांचा क्रम, वळणांचे कोन, काचेची जाडी आणि फायबरची लांबी सारखी ठेवायची. एका बीमला आरसा कमी लागत असेल तरी बाकीच्यांइतकेच वळवायचे. नवख्याला हा उधळेपणा वाटतो, पण समतोल बिघडल्यावर जे जाते ते त्या एका आरशापेक्षा पुष्कळ जास्त असते.

वर्णविक्षेपाबद्दल थोडक्यात : डिले लाइन हवेत असली किंवा काचेची जाडी असमान असली की बँडच्या दोन टोकांच्या फ्रिंज वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. के-बँडमध्ये पूर्ण रुंदीची सुसंगत लांबी, म्हणजे वाटेतल्या ज्या फरकापर्यंत फ्रिंज दिसते ती, १२ ते १४ मायक्रॉनच आहे. प्रकाश वर्णपटात पसरला की प्रत्येक चॅनेलची लांबी वाढते आणि हा त्रास सुसह्य होतो.

थंडाव्याचा विचार बँडप्रमाणे बदलतो, आणि इथे लोक अंदाजाने चुकतात. २८५ केल्विनच्या वाटेतून एका मोडमध्ये उष्णतेचे किती फोटॉन शिरतात ते प्लांकच्या सूत्राने लगेच काढता येते. एच-बँडमध्ये सेकंदाला मोजून दोन-चार. के-बँडच्या मध्यावर काही हजार. २.० वरून २.२ मायक्रॉनवर गेले की एका मोडमधली ही उष्णता दहापट होते, २.४ वर आणखी सातपट. म्हणून के-बँडचा लाल कडेचा भाग कुठे कापायचा हा निर्णय फिल्टर मागवण्याआधी घ्या. हे झाले फायबरमधून येणाऱ्या उष्णतेचे. डिटेक्टर मात्र २.५ मायक्रॉनपर्यंत सगळे पाहतो आणि त्याला फायबरच्या आजूबाजूची गरम भिंतही दिसते. तो फक्त थंड फिल्टरमधून आणि थंड छिद्रातूनच बाहेर पाहील अशी रचना हवी. एच-बँडचे उपकरणही या एका चुकीमुळे उष्णतेत बुडालेले मी पाहिले आहे.

आता मिलिसेकंदांच्या तुरुंगातून सुटायचा मार्ग. शेजारी एखादा तेजस्वी तारा असेल तर त्याच्यावर सेकंदाला शेकडो वेळा फ्रिंज मोजून डिले सतत दुरुस्त करायचा, आणि मंद ताऱ्याचे शटर निवांत उघडे ठेवायचे. ग्रॅव्हिटी हेच करते. आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहताना आयआरएस १६सी हा तारा फ्रिंज धरून ठेवतो आणि कृष्णविवराभोवती फिरणारा एस२ हा सुमारे चौदाव्या प्रतीचा तारा मोजला जातो. चौदावी प्रत दहावीपेक्षा ४० पट मंद, पण १० सेकंदांचे एक्स्पोजर ३ मिलिसेकंदांपेक्षा तीन हजार पट लांब. मे २०१८ मध्ये एस२ कृष्णविवरापासून १२० खगोलीय एकके अंतरावरून सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून अधिक वेगाने गेला, तेव्हा त्याची जागा अचूक मोजता आली ती या रचनेमुळे, आणि वेगळ्या उपकरणाने घेतलेल्या वर्णपटांच्या जोडीने गुरुत्वीय ताम्रसृतीही (गुरुत्वामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढणे) तपासता आली. तेव्हा विज्ञानाचा चॅनेल आणि फ्रिंज ट्रॅकर यांतल्या कोणाला जास्त लक्ष द्यायचे असा पेच आला तर मी ट्रॅकरच्या बाजूने असतो. त्याने फ्रिंज सोडली तर विज्ञानाच्या चॅनेलला मिळतो तो नुसता उजेड.

तुम्ही पहिले टेस्ट-बेंच उभारणार असाल तर एच-बँडमध्ये उभारा. उष्णतेचा त्रास नाही, साध्या सिलिका फायबरवर काम होते, आणि दूरसंचारासाठी बनलेले कितीतरी घटक जसेच्या तसे वापरता येतात. के-बँडमध्ये सिलिका प्रकाश शोषू लागते, फ्लुओराइड काचेची फायबर लागतात आणि ती ठिसूळ असतात. धुळीत दडलेले तारे के-बँडमध्ये जास्त तेजस्वी दिसतात आणि हवाही तिथे मवाळ असते, पण तो टप्पा नंतरचा. दोनच बीम घ्या, पांढरा दिवा लावा, आणि प्रत्येक वेळी याच क्रमाने नोंद करा : दोन्ही शटर बंद, पहिला बीम एकटा, दुसरा एकटा, मग दोन्ही. त्यानंतर हीच मालिका ध्रुवक लावून, आधी आडवा, मग उभा. दोन्ही ध्रुवणांचा कॉन्ट्रास्ट ०.९५ च्या वर आणि त्यांच्या फ्रिंज एकाच जागी येईपर्यंत क्रायोस्टॅटचे (डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या पेटीचे) झाकण लावू नका. झाकण लावल्यावर हीच नोंद थंड अवस्थेत पुन्हा घ्या, एकदा क्रायोकूलर चालू असताना आणि एकदा तो थोडा वेळ बंद ठेवून.